घरांतलीं यंत्रें : दोष कोठें होता?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या चिरंजिवांकडे एक दुर्बीण आहे. ती नुसती तिपाईवर ठेवलेली नळी नव्हे; तारे आकाशांत जसे सरकतात त्याच वेगानें आपण होऊन फिरणारी, मोटारींवर चालणारी बैठक तिच्याखालीं आहे. ही बैठक हल्लीं मधूनच दगा देते. तारे मंदपणें अनुसरीत असते तोंवर ठीक. पण बटण दाबून दुर्बीण वेगानें दुसरीकडे नेऊं लागावें, तों दिवा मिणमिणतो, मोटार गुरगुरून थांबते, आणि हातांतील नियंत्रक, जणूं आजच जन्मास आला आहे अशा थाटांत, आजची तारीख काय व आपला गांव कोणता असें पुन्हां विचारूं लागतो. दुकानदार म्हणतो, आंतला सर्किट बोर्ड गेला, नवा घाला. त्याची किंमत ऐकून भगिनींनीं आम्हांस पुसलें आहे कीं, खरोखरच बोर्ड गेला असेल काय?

यंत्र डोळ्यांनीं पाहिल्यावांचून निदान करणें म्हणजे पत्रावरून नाडी पाहण्यासारखें आहे. तथापि हुबेहूब हींच लक्षणें २०२० सालच्या डिसेंबर महिन्यांत आमच्या घरीं झालीं होतीं, आणि त्या वेळीं एका नऊ वर्षांच्या मुलीवर उगाच बालंट आलें होतें. तेव्हां उत्तरादाखल ती हकीकतच सांगावी असें आम्ही योजिलें आहे.

ज्यांच्या घरीं असली दुर्बीण नाहीं त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर सेकंदास १५ विकला. वस्तु शंभरपट मोठी करून दाखविणाऱ्या दुर्बिणींत आकाशाचा जेमतेम अर्धा अंश मावतो. म्हणून बरोबर मध्यें आणून ठेवलेला ग्रह सुमारें एका मिनिटांत कडेला जाऊन दिसेनासा होतो. एकट्या तरुण माणसास हें चालतें. पण पाहणारीं माणसें पांच असलीं, त्यांत एक लहान व एक म्हातारें असलें, म्हणजे स्टुलाशीं येऊन, चष्मा काढून, कोणता डोळा लावूं असें विचारीपर्यंत ग्रह निघून गेलेला असतो. यासाठीं बैठकीचा एक आंस ध्रुवाकडे रोखून तो पृथ्वीच्या उलट दिशेनें पृथ्वीच्याच गतीनें फिरवीत ठेवतात. पूर्वीं हें काम वजनावर चालणारें घड्याळ करी. १८२४ सालीं फ्राउनहोफर यानें डॉर्पाटच्या वेधशाळेसाठीं बनविलेल्या मोठ्या दुर्बिणीस असेंच घड्याळ जोडलेलें होतें. त्या घड्याळाचा दोष असा कीं त्याचें वजन पुनःपुन्हां वर चढवावें लागे. गुण असा कीं त्यास सॉकेट नसे.

आतां आमच्या घराकडे वळूं. आमच्या पुतण्याचा थोरला मुलगा तेव्हां चौदा वर्षांचा होता. पुण्यांत १९४४ पासून कार्य करीत असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनास एकदां गेला आणि तेथून तें वेड घेऊन आला. मुंजींत जमलेले पैसे त्यानें बरीच वर्षें जपून ठेविले होते. त्यांत वडिलांनीं भर घालून त्याला १३ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण व तिची ही फिरती बैठक घेऊन दिली. त्या वर्षीं रोगाच्या सांथीमुळें शाळा बंद, पुतण्याची नोकरी घरूनच, म्हणून तें सारें बिऱ्हाड मुंबईहून आमच्याकडे पुण्यास येऊन राहिलें होतें. बरोबर पुतण्याच्या मातुश्री, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, याहि होत्या. त्यांचें वय ८३, गुडघे अधू, पण शनीचें कडें एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें ही हौस दांडगी. कारण विचारलें तर म्हणत, "साडेसाती तीनदां भोगली, आतां त्याचें तोंड तरी पाहूं द्या."

आणि तशी संधि आलीहि होती. गुरु व शनि यांची युति सुमारें वीस वर्षांनीं एकदां होते, पण २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळीं त्या दोघांत अवघें सहा कलांचें, म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारें पंचमांशाएवढें अंतर राहणार होतें. इतके निकट ते याआधीं १६२३ सालीं आले होते, आणि तेव्हां ते सूर्याच्या जवळ असल्यामुळें दिसण्याची अडचणच होती. पंचांगांत दोघेहि मकरेंत बसलेले. प्रत्यक्षांत त्यांच्यामध्यें सत्तर कोटि किलोमीटरांहून अधिक अंतर होतें, पण दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेपांत गुरु, त्याचे चंद्र, शनि व त्याचें कडें हीं सर्व एकदम मावणार होतीं. मात्र सूर्य सहाच्या सुमारास मावळावयाचा आणि हे दोघे आठच्या सुमारास. म्हणजे काय तें त्या तास-दीड तासांत उरकावयाचें.

डिसेंबरच्या ९ तारखेस रात्रीं गच्चीवर दुर्बीण मांडलेली होती. बॅटरी जमिनीवर, तिच्यापासून निघालेली वायर बैठकीच्या पेटींतील सॉकेटांत. धाकटी धांवत आली, तिचा पाय वायरींत अडकला, आणि बैठकीला हिसका बसला. पडलें-मोडलें कांहींच नाहीं. थोरल्यानें वायर पुन्हां नीट बसविली, दिवा लागला. पण दुसऱ्या रात्रीपासून वर सांगितलेलीं लक्षणें सुरू झालीं. यानंतर काय झालें असेल हें मुलांच्या घरांत राहिलेल्यांस सांगावयास नको. "तूंच वायर ओढलीस" हें वाक्य दिवसांतून दहा वेळां ऐकूं येऊं लागलें. दुकानदारानें दूरध्वनीवरूनच बोर्ड गेल्याचें सांगितलें तेव्हां तर तें कायमचें शिक्कामोर्तब झालें. धाकटी गच्चीवर येईनाशी झाली. विचारलें तर थंडी वाजते म्हणे. वहिनी मात्र खालून एवढेंच म्हणाल्या, "वायर वाटेंत कोणी टाकली होती, तें आधीं सांगा रे." त्या प्रश्नास आम्हां कोणाकडेहि उत्तर नव्हतें, म्हणून तो ऐकूं आला नाहीं असें आम्ही सर्वांनीं दाखविलें.

आमच्या मेजाच्या खणांत एक मल्टिमीटर आहे. तो घेऊन आम्ही निदानास बसलों. पहिलें माप बॅटरीचें : १२.७ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. दुसरें माप वायरीच्या टोंकाच्या प्लगांत : तेंहि १२.७. बॅटरी चांगली, वायर चांगली. मग बोर्डच बिघडला असला पाहिजे, असा निष्कर्ष आम्हीं काढला व तो मोठ्या ठामपणें सर्वांस सांगितला. ही आमची पहिली चूक. तीवरूनच दुकानदाराच्या म्हणण्यास पुष्टि मिळाली आणि मुलीच्या अपराधासहि.

चूक कोठें झाली तें नळाच्या उदाहरणानें लवकर समजेल. घरांतील जुना नळ आंतून गंजानें बुजला आहे असें समजा. सर्व तोट्या बंद असतां तेथें दाबमापक लाविला तर टाकीचा दाब पुरेपूर दिसेल. कारण पाणी वाहतच नाहीं, मग अडेल कोठें? तोटी सोडली कीं मात्र करंगळीएवढी धार. विजेचें असेंच आहे. मोजमापाचें यंत्र स्वतः जवळजवळ कांहींच प्रवाह ओढीत नाहीं. म्हणून मोटार बंद असतां घेतलेलें माप मार्गांतील अडथळ्याविषयीं एक अक्षरहि सांगत नाहीं. आमची बैठक ताऱ्यामागें संथ चालते तेव्हां सुमारें अर्धा अँपिअर प्रवाह घेते, आणि वेगानें धांवते तेव्हां दीड. बिघाड वेगानें धांवतांनाच होतो ही गोष्ट डोळ्यांपुढें असतांहि आम्हीं माप स्वस्थपणाचें घेतलें होतें. विकारी माणसाची नाडी तो झोपेंत असतां पाहावी, तसाच हा प्रकार.

दुसरी चूक प्लगाची. कोणीतरी सुचविलें कीं प्लगच झिजला असेल, म्हणून बाजारांतून नवा आणून लाविला. तो बाहेरून अगदीं तसाच, साडेपांच मिलिमीटर जाडीचा. सॉकेटांत जाऊनहि बसला. आणि बिघाड दुप्पट झाला! दोन दिवस डोकें खाजविल्यावर उलगडा झाला तो असा, कीं या प्लगांचीं आंतलीं भोंकें दोन मापांचीं असतात, एक २.१ मिलिमीटरांचें व दुसरें २.५ चें. बाहेरून पाहून फरक कळत नाहीं. आमच्या सॉकेटांतील पिन २.१ ची, आणि आम्हीं आणलेल्या प्लगाचें भोंक २.५ चें. पातळ बोटांत सैल आंगठी घालावी तसा तो पिनेभोंवतीं डुलत होता. हें माप दुकानांत मागून घ्यावें, "दुर्बिणीचा प्लग द्या" असें म्हणून भागत नाहीं.

जुना प्लग पुन्हां लावून, मोटार वेगानें धांवत असतां मापें घेतलीं तेव्हां चित्र पालटलें. बॅटरीच्या टोंकांवर १२.४, म्हणजे बॅटरी निर्दोष. परंतु बैठकीची पेटी उघडून बोर्डाच्या आंतल्या बिंदूंवर पाहिलें तों ९.१! इतक्या कमी दाबांत आमच्या यंत्रांतील लहानगा संगणक गुदमरतो आणि मूर्च्छा येऊन पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. वाटेंत ३.३ व्होल्ट कोणीतरी खात होतें. आतां चोर गांवांत आहे हें ठरलें. गल्ली शोधावयाची राहिली.

हा शोध आम्हीं स्वतः केला असें सांगण्याची इच्छा आहे, पण तें खरें होणार नाहीं. आमच्या आळींत रेडिओ दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. १७ तारखेस थोरला व आम्ही बैठक उचलून त्यांच्याकडे घेऊन गेलों. मुखपट्टीमुळें त्यांचे केवळ डोळे दिसत होते, आणि बोलणें मुळांतच कमी. त्यांनीं मीटरची एक कांडी बॅटरीच्या धन टोंकावर ठेविली व दुसरी मार्गानें पुढें पुढें सरकवीत नेली. मोटार धांवतच होती. एकाच मार्गाच्या दोन ठिकाणांत फरक शून्याच्या जवळपास असावयास पाहिजे. जेथें तो एकदम वाढतो तेथें अडथळा. बॅटरीपासून सॉकेटाच्या धातूच्या पायापर्यंत, फ्यूज, वायर व प्लग धरून, ०.४ व्होल्ट. परतीच्या ऋण मार्गावर ०.१. आणि सॉकेटाच्या त्या पायापासून तो पाय ज्या तांब्याच्या पट्टीवर झाळलेला होता त्या पट्टीपर्यंत, जेथें जवसाच्या दाण्याएवढेंहि अंतर नाहीं, तेथें २.८!

बेरीज बरोबर ३.३. थोरल्यानें ती कागदावर मांडली आणि पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत राहिला. दीड अँपिअरास २.८ व्होल्ट म्हणजे जवळजवळ दोन ओहम रोध. ज्या सांध्यांत तो मुळींच नसावा तेथें. बोट लावून पाहिलें तर सॉकेट कोमट लागत होतें.

कारागिरांनीं बॅटरी सोडविली, बोर्ड बाहेर काढला, आणि घड्याळजीसारखें भिंग डोळ्यास लावून त्या पायाकडे पाहिलें. मग भिंग आमच्या हातीं दिलें. पायाभोंवतीं झाळेंत केसाएवढी वर्तुळाकार चीर होती. सॉकेट हलविलें कीं पाय हले, झाळ जागच्या जागीं राही. ही चीर नुसत्या डोळ्यास दिसली नसती. आम्ही म्हणालों, "म्हणजे त्या दिवशींच्या हिसक्यानें तुटली म्हणावयाची."

कारागीर म्हणाले, "नाहीं काका. नीट बघा. हें आजचें नाहीं."

त्यांनीं जुनी झाळ तापवून शोषून घेण्यापूर्वीं आम्हांस तुटलेली कड दाखविली. कथील नुकतें तुटलें तर त्याची कड पांढरी, चकचकीत असते. हवा लागून महिनेमहिने गेले म्हणजे ती काळवंडते. त्या वर्तुळाचा बहुतेक भाग काळा राखाडी होता. केवळ एका बाजूस, वर्तुळाच्या फार तर आठव्या हिश्शाएवढा एक तुकडा चकाकत होता. म्हणजे सांधा वर्षभर झिजत, फाटत आला होता आणि एका आठव्या हिश्शावर सारा प्रवाह चालला होता. धाकटीचा पाय अडकला तो या शेवटच्या तुकड्यास. तो दोन आठवड्यांनीं आपोआपच तुटला असता. कदाचित् बरोबर २१ तारखेसच.

वर्षभर त्याला फाडीत कोण होतें? हा प्रश्न थोरल्यानें विचारला, आणि उत्तर देणें आमच्याकडे आलें. गच्चीवरून बैठक आंत नेतांना वायर सॉकेटांतून न काढतां तशीच तिपाईच्या पायाभोंवतीं गुंडाळावी, म्हणजे ती हरवत नाहीं, ही युक्ति आमची. ती आम्हीं मुलास मोठ्या कौतुकानें शिकविली होती. बाहेर आलेला प्लग म्हणजे एक लहानशी पहारच. रोज रात्रीं वायर ताणून गुंडाळतांना ती पहार सॉकेटास एका अंगानें उचकटीत होती, आणि सॉकेटास धरून ठेवणारें काय, तर तीन पायांभोंवतींचे कथलाचे तीन थेंब. असलीं सॉकेटें पेटीच्या भिंतीस न आवळतां नुसतीं बोर्डावर झाळून ठेवण्यांत कारखानदाराचे चार पैसे वांचतात, हें खरें. पण पहार आम्हीं लाविली होती.

दुरुस्तीस अर्धा तास लागला. जुनें सॉकेट काढून टाकिलें. पेटीच्या पत्र्याच्या भिंतीस भोंक पाडून तेथें नटानें आवळण्याचें नवें सॉकेट बसविलें, आणि त्यापासून बोर्डापर्यंत दोन मऊ, किंचित् सैल वायरी झाळल्या. आतां बाहेरून कितीहि ओढ बसली तरी ती पत्र्यास बसते, झाळेस नाहीं. शिवाय वायर प्लगापासून वीतभर अंतरावर बैठकीच्या अंगास बांधून टाकली. सॉकेट जोडतांना कारागिरांनीं मधली पिन धन कीं ऋण हें तीन वेळां तपासलें. आमच्या यंत्रांत ती धन आहे. उलटें जोडलें असतें तर बोर्ड क्षणांत जळता, आणि दुकानदाराचें भाकित आम्हींच खरें केलें असतें. घरीं आणून वेगानें धांवतांना माप घेतलें : बोर्डावर ११.९.

थोरल्यानें घरीं येऊन बहिणीची क्षमा मागितली काय? नाहीं, चौदाव्या वर्षीं तें फार कठीण असतें. त्यानें ती तुटकी कड पाहावयास तिला आमचें भिंग नेऊन दिलें आणि काळें कोणतें, पांढरें कोणतें तें सांगितलें. तिनें बराच वेळ पाहिलें. मग विचारलें, "म्हणजे माझें एवढेंसेंच?" तो म्हणाला, "एवढेंसेंच." आमची वायरीची युक्ति आम्हीं स्वतःच तिला सांगितली. तेव्हां ती आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहूं लागली, ती आम्ही येथें वर्णन करीत नाहीं.

२१ तारखेस साडेसहाला दुर्बीण नैर्ऋत्येकडे रोखली होती. वहिनींस दोघांनीं हातांचा पाळणा करून गच्चीवर आणलें व खुर्चीवर बसविलें. चष्मा काढणें, पदर सांवरणें, "कोठें? मला कांहींच दिसत नाहीं" असें म्हणणें, यांत पांच मिनिटें गेलीं, पण मोटार चालू होती, आणि गुरु व शनि आपल्या जागेवरून हलले नाहींत. एकाएकीं वहिनी गप्प झाल्या. त्यांनीं डोळा काढला तो खालून जेवणाची हांक आल्यावर. नियंत्रक त्या सबंध वेळांत धाकटीच्या हातांत होता.

आतां पत्र पाठविणाऱ्या भगिनींस. बोर्डाचे पैसे इतक्यांत देऊं नयेत. चिरंजिवांनीं दुर्बीण वेगानें फिरत असतां, एकट्यानें न करतां कोणास तरी बटण धरावयास सांगून, दोन मापें घ्यावीं : एक बॅटरीच्या टोंकांवर, दुसरें बैठकीच्या सॉकेटाच्या आंतल्या बाजूस, बोर्डावर. कांड्यांचीं टोंकें एकमेकांस लागूं देऊं नयेत. भिंतींतील २३० व्होल्टांवर चालणारा अडॅप्टर ते वापरीत असतील तर तो उघडण्याचें मुळींच कारण नाहीं; मापें घेण्यापुरती बॅटरी कोणाची तरी मागून आणावी. प्लग सॉकेटांत असतां हळूच इकडे तिकडे हलविल्यानें दिवा लुकलुकतो काय, तेंहि पाहावें. मात्र त्यावरून आंतली कमान सैल कीं झाळ तुटली तें ठरत नाहीं, एवढें ध्यानांत असावें. दोन्ही मापांत अर्ध्या व्होल्टाच्या आंतबाहेर फरक असला तर दुकानदार कदाचित् खरें बोलत असेल. याहून पुष्कळ अधिक असला तर पेटी मिटून जवळच्या रेडिओवाल्याकडे न्यावी. दोन्ही आंकडे, आणि वायर आवरून ठेवण्याची त्यांच्या घरची रीत, आम्हांस कळवावी.